लस घेऊनही ॲडमिट झाले, मग पुढे काय झालं?

"दोन्ही डोस घेतले होते तरी ॲडमिट करावं लागलं, मग लसीचा उपयोग काय?" २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीबद्दल हा प्रश्न घरोघरी ऐकू यायचा, अजूनही येतो. प्रश्न अगदी रास्त आहे, पण ॲडमिट झाल्यावर पेशंटचं पुढे काय झालं ते बघितल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

अमेरिकेत नेमकं तेच बघितलं गेलं. मार्च ते ऑगस्ट २०२१ या काळात २१ हॉस्पिटलांमध्ये कोरोनाने ॲडमिट झालेल्या ११९७ पेशंटची २८ दिवसांपर्यंतची माहिती घेतली. लस न घेतलेले १०५५ होते, त्यातले २६१ व्हेंटिलेटरवर गेले किंवा दगावले, म्हणजे जवळजवळ चौघांत एक. दोन्ही डोस झालेले १४२, त्यातले १७, म्हणजे १२ टक्के. आणि हे लसवाले पेशंट वयाने मोठे होते, प्रतिकारशक्ती कमी असलेलेही त्यांच्यात जास्त होते, तरी त्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. शिवाय लसीमुळे ज्यांना हॉस्पिटलची पायरीच चढावी लागली नाही ते या हिशोबात नाहीतच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

असं का होतं? लसीनंतर रक्तात अँटीबॉडीज भरपूर असतात, पण काही महिन्यांत त्या कमी होतात आणि नाकाच्या आतल्या अस्तरावर तर इंजेक्शनच्या लसीने त्या फारशा पोचतच नाहीत, त्यामुळे विषाणू घुसतो, ताप येतो, टेस्ट पॉझिटिव्ह येते. पण मेमरी बी-सेल्स आणि टी-सेल्स, म्हणजे विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, जास्त टिकतात. विषाणू घुसला की बी-सेल्स नव्याने अँटीबॉडीज बनवायला लागतात आणि टी-सेल्स लागण झालेल्या पेशी शोधून मारतात. कोरोनात खरा धोका साधारण दुसऱ्या आठवड्यात असतो, तेव्हा ऑक्सिजन घसरतो, एचआरसीटीचा (छातीच्या स्कॅनचा) स्कोर वाढतो (तेव्हा जो तो "स्कोर किती आला?" हेच विचारायचा), कारण विषाणू फुफ्फुसात पसरलेला असतो आणि शरीराची सूज आवरत नाही. लस घेतलेल्याचं शरीर त्याआधीच कामाला लागलेलं असतं, आणि त्या आजारात चार-पाच दिवस आधी सुरुवात होणं म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडचं उदाहरण वेल्लोरच्या सीएमसीचं, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलचं. दुसऱ्या लाटेत तिथल्या स्टाफचा अभ्यास झाला, बहुतेकांनी पुण्यात बनलेली कोविशिल्ड घेतलेली. दोन डोसनंतर लागण होण्यापासून संरक्षण ६५ टक्के, ॲडमिट होण्यापासून ७७, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ आणि आयसीयूपासून ९४ टक्के. आजार जितका गंभीर तितकं लसीचं संरक्षण जास्त.

मग "सिरियस पेशंटमध्ये लसवालेच जास्त" अशा बातम्या कुठून यायच्या? इस्रायलमध्ये १५ ऑगस्ट २०२१ ला ५१५ गंभीर पेशंट होते आणि त्यातल्या ३०१ जणांची लस पूर्ण झालेली. ऐकून धक्का बसतो, पण तिथे बहुतेक सगळ्या म्हाताऱ्या माणसांनी लस घेतली होती, त्यामुळे पेशंटही त्यांच्यातलेच जास्त दिसणार. पन्नाशीच्या पुढच्यांचं लाखामागे प्रमाण काढलं तर लस न घेतलेल्यांत सुमारे ९२ गंभीर आणि घेतलेल्यांत सुमारे १४.

लस घेऊनही जे गंभीर होतात ते बरेचदा खूप वय झालेले, किडनी ट्रान्सप्लांट झालेले किंवा कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेले असतात, त्यांच्या शरीरात दोन डोसनी पुरेशी ताकद तयारच होत नाही. म्हणून तर आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन वर्कर आणि इतर आजार असलेल्या साठीच्या पुढच्यांना तिसरा, म्हणजे प्रिकॉशन डोस सुरू केला. घरात असं कोणी असेल तर त्यांच्या पुढच्या डोसबद्दल त्यांच्या डॉक्टरांना नक्की विचारा, आणि ताप आला तर "लस झालीय ना" म्हणून दोन-चार दिवस घालवू नका.