६,३१,७६४

सहा लाख एकतीस हजार सातशे चौसष्ट : कापरेकर क्रियेत स्वतःलाच परत देणारी सहाअंकी संख्या. दिलेल्या संख्येचे अंक एकदा उतरत्या आणि एकदा चढत्या क्रमाने मांडायचे आणि मोठीतून लहान वजा करायची, एवढीच ही क्रिया. येथे ७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४. पुढे कितीही वेळा करा, उत्तर हलत नाही.

क्रियेचे जनक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) जन्माने उत्तर कोकणातल्या डहाणूचे. हयात गेली देवळालीला शाळामास्तरकीत. १९२७ साली त्यांना मिळालेले गणिताचे पारितोषिक ज्या रँग्लर परांजप्यांच्या नावाचे, तेही कोकणातलेच, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. कापरेकरांचा ६१७४ हा चारअंकी स्थिरांक जगभर गाजला. तिथे सगळे अंक सारखे नसले, की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. सहा अंकांत एवढी शिस्त नाही, आणि ६३१७६४ मागे राहिली ती बहुधा त्यामुळेच.

सहा अंकांत स्थिर संख्या दोन : ही एक आणि ५४९९४५, जी उलटी वाचली तरी तीच. पण बहुतेक संख्या या दोन्हींना चुकवून सात संख्यांच्या फेऱ्यात सापडतात : ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. पिनकोड सहाअंकीच असल्याने पडताळा घरबसल्या घेता येतो. अलिबागचा ४०२२०१ पहिल्याच वजाबाकीत फेऱ्यात पडतो : ४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६ (पुढची शून्ये गाळायची नाहीत). रत्नागिरीचा ४१५६१२ जरा रेंगाळतो : ५४१७५५, ६०९९८४, ९५१७४१ आणि चौथ्या पायरीला ८६०८३२.

६३१७६४ कशातून निघते, हे मात्र नेमके सांगता येते. उतरत्या क्रमातल्या पहिल्या व सहाव्या अंकांतला फरक क्ष, दुसऱ्या व पाचव्यातला य, तिसऱ्या व चौथ्यातला ज्ञ धरला, तर वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९९९क्ष + ९९९०य + ९००ज्ञ इतके येते. म्हणजे मूळ अंक कोणते होते याला महत्त्व नाही, फरक तेवढे पुरतात. फरक ६, ३, २ असले की ५९९९९४ + २९९७० + १८०० = ६३१७६४. म्हणून २३८३५६ घ्या किंवा तिचेच अंक कसेही फिरवून घ्या, उत्तर एका पायरीत हेच. फरकांच्या अशा तिकड्या, सर्व शून्यांची सोडून, २१९च होतात. लाखो संख्या तपासण्याऐवजी तेवढ्या तपासल्या की सहा अंकांचा सगळा नकाशा हाती येतो. चिकाटीच्या माणसाला कागद-पेन्सिलीवर जमेल असे हे काम आहे.

सूत्रातले तिन्ही गुणक नवाच्या पटीत असल्याने प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातो. ६३१७६४ चे मूळ अवयव २² × ३² × ७ × २३ × १०९. तिच्या अंकांची बेरीज २७. त्या २७ ने मात्र भाग जात नाही, कारण तीनचा घात दोनवरच थांबतो. त्यामुळे कापरेकरांनीच नाव दिलेल्या हर्षद संख्यांत, म्हणजे अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्यांत, ही बसत नाही.

घराणे मात्र मोठे आहे. ६१७४ मध्ये सहानंतर एक ३ आणि चारच्या आधी एक ६ घातला की ६३१७६४. तसेच पुन्हा केले की ६३३१७६६४, मग ६३३३१७६६६४. या सगळ्या स्थिरच, आणि ही वाढ कितीही अंकांपर्यंत नेता येते.