शेजाऱ्यांनी ठेवलेले नाव : ‘होर्वात’ या आडनावाची पार्श्वभूमी

क्रोएशियात आज सर्वाधिक आढळणारे आडनाव ‘होर्वात’ हे आहे. ते लावणाऱ्यांची संख्या तेथे वीस हजारांच्या आसपास आहे. शेजारच्या स्लोव्हेनियात ‘नोवाक’ या आडनावाच्या पाठोपाठ त्याचा दुसरा क्रमांक लागतो आणि तेथेही सुमारे दहा हजार माणसे ते लावतात. त्याचा अर्थ सरळ आहे : होर्वात म्हणजे क्रोएशियन माणूस. आजच्या प्रमाण क्रोएशियन भाषेत या अर्थाचा शब्द ‘हृवात’ असा आहे आणि त्यातला र संस्कृतातल्या ऋकारासारखा स्वराचे काम करतो. ‘होर्वात’ हे त्याच शब्दाचे जुने, उत्तरेकडचे रूप आहे.

अर्थ सरळ असला तरी त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. आडनाव माणसाला चारचौघांतून वेगळा ओळखण्यासाठी पडते. लोहाराच्या गावात साऱ्यांनाच लोहार म्हटले, तर त्या नावाचा कोणाला काय उपयोग? मग क्रोएशियन लोकांच्याच देशात ‘क्रोएशियन’ हे आडनाव पडले कसे, आणि ते इतके पसरले कसे? याचे उत्तर शोधताना सोळाव्या शतकातली युद्धे, निर्वासितांचे लोंढे आणि सरकलेल्या सीमा यांच्याकडे जावे लागते. या आडनावाचा इतिहास हा मुख्यतः एका स्थलांतराचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

प्रथम भूगोल पाहावा लागेल. मध्ययुगात ‘क्रोएशिया’ हे नाव आजच्याइतक्या मोठ्या प्रदेशाला लागू नव्हते. जुन्या क्रोएशियाचे राज्य दक्षिणेत, एड्रियाटिक किनारा आणि त्यामागचे डोंगर यांच्या आधाराने उभे राहिले होते. तेथल्या त्रपिमिर या ड्यूकच्या 852 सालच्या सनदेत त्याचा उल्लेख क्रोएशियनांचा अधिपती असा येतो, ब्रानिमिर या नंतरच्या ड्यूकच्या काळातल्या शिलालेखात हेच लोकनाम लॅटिनमध्ये कोरलेले आहे, आणि सुमारे 1100 सालच्या बाश्का येथील शिलालेखात ते ग्लागोलिटिक या जुन्या स्लाव्ह लिपीत, लोकांच्या स्वतःच्या भाषेत आढळते. (हे लोकनाम त्याहून पुष्कळ जुने असावे असे मानणारे अभ्यासक डॉन नदीच्या मुखाजवळच्या तानाइस या ग्रीक वसाहतीतल्या लेखांकडे बोट दाखवतात. तेथे दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले ‘होरोआथोस’ हे व्यक्तिनाम सापडले आहे आणि त्यावरून शब्दाचे मूळ इराणी असल्याचा तर्क केला जातो. तो तर्कच आहे.) झाग्रेब, वाराज्दिन आणि त्यांच्या आसपासचा उत्तरेकडचा मुलूख मात्र त्या काळी ‘स्लावोनियाचे राज्य’ म्हणून ओळखला जाई. तेथली माणसे कायकाव्स्की बोली बोलत आणि आपल्या भाषेला ‘स्लोव्हेन्स्की’ म्हणत. इव्हान पेर्गोशिच याने 1574 मध्ये मेजिमुर्ये प्रांतातल्या नेदेलिश्चे येथे कायद्याचा एक ग्रंथ भाषांतरित करून छापला आणि अंतुन व्रामेत्स याने 1578 मध्ये ल्युब्लियाना येथे आपली बखर प्रसिद्ध केली, तेव्हा दोघांनीही आपण ज्या भाषेत लिहीत आहोत तिचे नाव स्लोव्हेन्स्की असेच सांगितले. झाग्रेबच्या आसमंतात ‘होर्वात’ हा शब्द तेव्हा दक्षिणेकडून आलेल्या माणसाला लावता येत होता, याचे कारण या नोंदींतून स्पष्ट होते.

आणि दक्षिणेकडून माणसे येतच होती. 9 सप्टेंबर 1493 रोजी क्र्बावाच्या मैदानावर तुर्कांच्या उस्मानी फौजेने क्रोएशियन सरदारांची एक पिढीच कापून काढली. 29 ऑगस्ट 1526 रोजी मोहाचच्या लढाईत हंगेरी-क्रोएशियाचा राजा लायोश दुसरा मारला गेला आणि 1 जानेवारी 1527 रोजी त्सेतिन येथे जमलेल्या क्रोएशियन सरदारांनी हाब्सबुर्ग घराण्याच्या फर्डिनांडला राजा म्हणून निवडले. राजा मिळाला, पण जमीन जातच राहिली. 1592 मध्ये बिहाचचा किल्ला पडला, तोवर जुन्या क्रोएशियाचा मोठा भाग उस्मानी ताब्यात गेला होता किंवा ओसाड पडला होता. उरलेल्या राज्याचे वर्णन त्या काळच्या लॅटिन कागदपत्रांत ‘अवशेषांचे अवशेष’ असे केलेले आहे. लोक गुरेढोरे आणि मुलेबाळे घेऊन कुपा आणि सावा नद्या ओलांडून उत्तरेला सरकले. काही द्रावा आणि मुरा ओलांडून हंगेरीत गेले, तर काही त्याही पलीकडे आजच्या ऑस्ट्रियातल्या बुर्गेनलांडपर्यंत पोचले, जेथे त्यांचे वंशज अजून क्रोएशियन बोलतात.

नव्या गावात आलेल्या कुटुंबाला आधीचे रहिवासी कोणत्या नावाने ओळखणार? ‘तो होर्वात’, म्हणजे तो तिकडून आलेला. जमीनदाराच्या कारकुनाने कुळांची यादी करताना तेच लिहिले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने 1563 पर्यंत ठरवलेल्या नियमांनुसार चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक झाले आणि पाद्र्यानेही तेच उतरवून घेतले. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट जोसेफ दुसरा याच्या राजवटीत प्रशासनाने कायम आडनावाचा आग्रह धरला, तोवर मूळ निर्वासिताचे पणतू-खापरपणतू त्या गावात पूर्णपणे मिसळले होते, शेजाऱ्यांचीच बोली बोलत होते. त्यांच्या पूर्वजाच्या येण्याची खूण तेवढी आडनावात राहिली. दरम्यान राज्याचे केंद्र उत्तरेला सरकल्यामुळे, आणि क्रोएशियाची व स्लावोनियाची सभा एक झाल्यामुळे, ‘क्रोएशिया’ हे नाव हळूहळू झाग्रेबच्या मुलखालाच चिकटले. ज्यांनी पाहुण्यांना होर्वात म्हटले होते, त्यांचेच वंशज पुढे स्वतःला होर्वात म्हणू लागले. माणसांबरोबर देशाचे नावही वाट चालत आले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत हृद्य वाटते.

हे आडनाव क्रोएशियाच्या उत्तरेतच दाट का, आणि जुने क्रोएशियन राज्य ज्या दाल्मेशियात नांदले तेथे विरळ का, याचाही उलगडा यातून होतो. जेथे सगळेच हृवात, तेथे कोणाला वेगळे काढून तसे म्हणण्याचे कारण नव्हते.

आता शब्दातला ‘ओ’. हंगेरियन भाषेला शब्दारंभीची जोडाक्षरे मानवत नसत. स्लाव्ह भाषांतला ‘क्राल्य’ म्हणजे राजा तिच्यात ‘किराय’ झाला, तसाच ‘हृवात’चा ‘होर्वात’ झाला. उत्तर क्रोएशिया शतकानुशतके हंगेरीच्या राजमुकुटाखाली होता आणि कायकाव्स्की लिखाणातही ‘होर्वात’, ‘होर्वात्स्की’ हीच रूपे रूढ होती. क्रापिना येथे जन्मलेल्या ल्युदेवित गायने 1835 मध्ये झाग्रेबहून वृत्तपत्र सुरू केले, तेव्हा त्याच्या नावातही ‘होर्वात्स्के’ असेच छापले होते. पुढे गाय आणि त्याच्या इलिरियन चळवळीतल्या सहकाऱ्यांनी दक्षिणी स्लाव्हांच्या ऐक्यासाठी स्वतःची कायकाव्स्की बाजूला ठेवून श्तोकाव्स्की बोलीचा पाया स्वीकारला. त्यामुळे सामान्यनाम ‘हृवात’ असे प्रमाण झाले, पण आडनावे नोंदवह्यांत पक्की झालेली होती आणि ती ‘होर्वात’च राहिली.

हंगेरीत हेच नाव ‘होर्वाथ’ असे लिहितात. शेवटचा थ केवळ जुन्या लेखनपद्धतीचा अवशेष आहे, उच्चार साध्या त-सारखाच होतो. ते तेथल्या पहिल्या पाच आडनावांत मोडते. जर्मन या अर्थाचे ‘नेमेथ’ आणि स्लाव्ह या अर्थाचे ‘तोथ’ ही हंगेरियन आडनावे त्याच जातीची आहेत. राज्यातल्या निरनिराळ्या लोकांना बहुसंख्याकांनी दिलेली ही नावे आहेत. स्लोव्हाकियातही होर्वाथ अगदी अग्रभागी आहे. तेथे आणि हंगेरीत ते अनेक रोमा कुटुंबांचेही आडनाव आहे. ज्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आणि ज्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, त्या लोकांनी वाटेतल्या एका लोकांचे नाव धारण केले आहे.

स्लोव्हेनियातली विभागणीही बोलकी आहे. मुरा नदीपलीकडचा म्हणून ‘प्रेकमुर्ये’ म्हटला जाणारा ईशान्येकडचा प्रांत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हंगेरीत होता आणि तो नव्या दक्षिण स्लाव्ह राज्याकडे आल्याचे 1920 च्या त्रियानोनच्या तहाने कायम केले. ‘होर्वात’ हे रूप स्लोव्हेनियात मुख्यतः तेथे आणि त्याच्या शेजारी आढळते. साम्राज्याच्या ऑस्ट्रियन हिश्श्यात असलेल्या दोलेन्स्का प्रांतात याच अर्थाचे आडनाव ‘ह्रोवात’ असे आहे आणि किनाऱ्याकडे, इस्त्रियाच्या बाजूला, ‘हृवातिन’. जर्मन भाषकांत त्याचे ‘क्रोबाथ’ झाले. तीस वर्षांच्या युद्धातल्या क्रोएशियन घोडेस्वारांच्या गळ्यातला रुमाल पाहून फ्रेंचांनी गळपट्टीला दिलेले ‘क्रावात’ हे नावही याच लोकनामाचे भावंड आहे.

मुरेच्या अलीकडचे मेजिमुर्ये हे या आडनावाचे क्रोएशियातले माहेर म्हणावे असा प्रदेश आहे. तेथल्या कोतोरिबा या गावी 1915 मध्ये योझा होर्वात यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ते पार्टिझानांबरोबर, म्हणजे नाझींविरुद्धच्या गनिमी सैन्याबरोबर लढले, आणि नंतर त्याच युद्धाकडे विनोदाच्या अंगाने पाहणारी त्यांची कादंबरी लोकप्रिय झाली. 1952 मध्ये त्यांनी पटकथा लिहिलेला नोकरशाहीवरचा उपरोधिक चित्रपट सत्ताधाऱ्यांना झोंबला आणि दीर्घकाळ बंदीत राहिला. त्यानंतर समुद्रापासून दूर, नदीकाठच्या सपाट मुलखात वाढलेला हा लेखक ‘बेसा’ नावाच्या शिडाच्या होडीतून कुटुंबासह जगप्रदक्षिणेला निघाला आणि 1965 ते 1967 या काळात ती पूर्ण करून परतला. 2012 मध्ये झाग्रेब येथे त्यांचे निधन झाले.

अर्थशास्त्रज्ञ ब्रांको होर्वात (1928–2003) यांचे कार्य याहून दूरवर पोचले. पेत्रिन्या येथे जन्मलेले ब्रांको विशीच्या आतच पार्टिझान झाले, नंतर झाग्रेब आणि मँचेस्टर अशा दोन ठिकाणी त्यांनी डॉक्टरेट मिळवली. कारखाने सरकारनेही चालवू नयेत आणि भांडवलदारानेही, ते तेथल्या कामगारांनी लोकशाही पद्धतीने चालवावेत आणि तरीही बाजारात स्पर्धा करावी, या युगोस्लाव्ह प्रयोगाला त्यांनी काटेकोर सैद्धांतिक रूप दिले. 1982 सालचा समाजवादाच्या राजकीय अर्थशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ या विषयातला आधारग्रंथ मानला जातो. 1989 मध्ये देश फुटण्याच्या उंबरठ्यावर असताना झाग्रेबमध्ये युगोस्लाव्ह लोकशाहीसाठी जी संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. लोकनामच आडनाव म्हणून मिळालेल्या या माणसाने वांशिक राष्ट्रवादाला अखेरपर्यंत विरोध केला, याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

संगीतात मिलान होर्वात (1919–2014) यांनी झाग्रेबच्या आणि डब्लिनच्या वाद्यवृंदांचे संचालन केले आणि 1969 मध्ये ऑस्ट्रियन नभोवाणीच्या नव्या सिंफनी वाद्यवृंदाचे ते पहिले प्रमुख संचालक झाले. 1983 मध्ये ओसियेक येथे जन्मलेले तत्त्वचिंतक स्रेच्को होर्वात 2016 मध्ये स्थापन झालेल्या डीईएम25 या युरोपव्यापी लोकशाही चळवळीच्या संस्थापकांपैकी आहेत.

खेळाडूंत हे नाव वारंवार भेटते. इव्हान होर्वात 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या युगोस्लाव्ह फुटबॉल संघाचे बचावपटू होते. हृवोये होर्वात 1972 मध्ये म्युनिक येथे हँडबॉलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते. ‘हृवोये’ हे नावही त्याच धातूतून आलेले असल्याने त्यांच्या नावात आणि आडनावात एकच शब्द दोनदा येतो. झ्लात्को होर्वात यांनी 2012 मध्ये लंडनला क्रोएशियाच्या हँडबॉल संघाबरोबर कांस्यपदक मिळवले. स्थलांतर थांबलेले नाही, याची साक्ष कॅनडात मिळते : आँटारिओत जन्मलेले क्रोएशियन वंशाचे बो होर्वात 2019 मध्ये व्हँकुव्हरच्या आइस हॉकी संघाचे कर्णधार झाले. आणि 25 नोव्हेंबर 2021 रोजी प्रेकमुर्येतल्या मुर्स्का सोबोता गावच्या मुरा क्लबने टॉटेनहॅमसारख्या बलाढ्य इंग्लिश संघाला 2–1 असे हरवले, तेव्हा पहिला गोल त्याच गावात जन्मलेल्या तोमी होर्वातचा होता.

नाव एका लोकांचे आणि माणूस दुसऱ्या लोकांचा, असेही या आडनावाच्या वाट्याला आले. नाटककार अॉडॉन फॉन होर्वाथ 1901 मध्ये रिएकाजवळच्या सुशाक येथे, म्हणजे आजच्या क्रोएशियात जन्मले आणि आयुष्यभर जर्मनमध्ये लिहीत राहिले. 1938 मध्ये पॅरिसच्या शाँझ-एलिझे मार्गावर वादळात झाडाची फांदी कोसळून त्यांचा मृत्यू झाला. आपण जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरीतले मिश्रण असून आपले नाव मॅग्यार, म्हणजे हंगेरियन, आणि मातृभाषा जर्मन आहे, असे ते सांगत. त्या मॅग्यार नावाचा अर्थ मात्र ‘क्रोएशियन’ होता.

योवान होर्वात हा तर ऑस्ट्रियाच्या सरहद्द फौजेतला सर्ब अधिकारी होता. 1751 मध्ये तो आपल्या लोकांसह रशियाला गेला आणि पुढच्याच वर्षी आजच्या युक्रेनच्या भूमीवर ‘नवा सर्बिया’ ही लष्करी वसाहत उभी राहिली. याच घराण्यातले मानले जाणारे रशियन सेनापती द्मित्री होर्वात 1903 पासून मांचुरियातल्या चिनी पूर्व रेल्वेचा कारभार हार्बिनहून पाहत होते. रेल्वेच्या पट्ट्यातला त्यांचा अंमल इतका सर्वंकष होता, की तेथले रशियन रहिवासी त्या प्रदेशाला ‘सुखी होर्वातिया’ म्हणू लागले. रशियन भाषेत क्रोएशिया देशाचे नाव हेच आहे.