सामुदायिक भूमिन्यास आणि लहान गावांतील घरमालकी

सामुदायिक भूमिन्यास ही गावाच्या किंवा परिसराच्या वतीने जमीन कायमची स्वतःकडे राखणारी आणि त्या जमिनीवरील घरे मात्र कुटुंबांना मालकीहक्काने विकणारी ना-नफा संस्था होय. ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. घर घेणाऱ्याला जमिनीची किंमत द्यावी लागत नाही. जमीन त्याला दीर्घ मुदतीच्या, बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते आणि तिचे अल्प भाडे तो न्यासाकडे भरतो. पट्ट्याचे नूतनीकरण होते, तो वारसांकडे जातो आणि घर तारण ठेवून कर्जही काढता येते.

या व्यवस्थेचा कणा पुनर्विक्रीच्या अटीत आहे. घर विकायचे झाल्यास ते घेण्याचा पहिला हक्क न्यासाचा असतो आणि किंमत करारात आधीच लिहिलेल्या सूत्राने ठरते. समजा, बाजारात १०० एकक किमतीचे घर एका कुटुंबाला ७० एककांना मिळाले आणि काही वर्षांनी त्याचा बाजारभाव १३० एकक झाला. वाढीचा चौथा हिस्सा विकणाऱ्याला देण्याचे सूत्र असेल, तर ३० एककांपैकी साडेसात त्याच्या वाट्याला येतात आणि पुढच्या कुटुंबाला तेच घर साडेसत्त्याहत्तर एककांना मिळते. जाणाऱ्या कुटुंबाला कर्जाचे फेडलेले मुद्दलही परत मिळते. घरखरेदीसाठी दिलेले नेहमीचे अनुदान पहिल्याच विक्रीत विकणाऱ्याच्या नफ्यात विरून जाते. येथे एकदाच दिलेली मदत घराबरोबर राहते आणि एकामागून एक कुटुंबांच्या उपयोगी पडते. त्याबदल्यात मालकाला भाववाढीच्या मोठ्या भागावर पाणी सोडावे लागते, आणि ही गोष्ट खरेदीपूर्वीच त्याला नीट समजावून सांगणे हे न्यासाचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे.

अभिजात रचनेत विश्वस्त मंडळाचे तीन समान भाग असतात: न्यासाच्या जमिनीवर राहणारे पट्टेदार, परिसरातील अन्य रहिवासी आणि सार्वजनिक हिताचे प्रतिनिधी.

या कल्पनेची मुळे अनेक ठिकाणी आहेत. ब्रिटिश नगररचना-विचारक एबेनेझर हॉवर्ड यांच्या विचारांतून १९०३ मध्ये इंग्लंडात वसू लागलेल्या लेचवर्थ या उद्याननगरीत जमीन एकत्रित मालकीची ठेवण्यात आली होती. मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल ते विनोबा भावे यांचे कार्य: १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदानातून पुढे ग्रामदान आले आणि त्यात जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा अशी विभागणी झाली. अमेरिकेतील शांततावादी कार्यकर्ते रॉबर्ट स्वान यांच्या विचारांवर ग्रामदानाचा प्रभाव होता. स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड आणि शर्ली शेरॉड या नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यातील ली काउंटीत (जिल्ह्यात) ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था उभारली. कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांसाठी घेतलेली सुमारे ५,७०० एकर जमीन दुष्काळ आणि कर्जातील भेदभाव यांमुळे १९८५ मध्ये संस्थेच्या हातून गेली. मात्र तोवर कल्पना इतरत्र रुजली होती. अमेरिकेच्याच व्हर्माँट राज्यातील बर्लिंग्टन शहरात १९८४ मध्ये नगर प्रशासनाच्या पाठबळावर न्यास सुरू झाला. इंग्लंडमध्ये २००८ च्या कायद्याने अशा न्यासांची व्याख्या केली.

लहान गावांत या व्यवस्थेची निकड वेगळ्या प्रकारची असते. निसर्गरम्य गावात बाहेरचे लोक सुट्टीसाठी दुसरे घर घेतात, भाव त्यांच्या ऐपतीप्रमाणे चढतात, आणि शिक्षिका, परिचारिका, दुरुस्ती कामगार अशा तेथेच राबणाऱ्यांना गाव सोडावे लागते. गाव लहान असल्याने दहा-बारा घरांनीही फरक पडतो. तेवढ्या कुटुंबांतील मुलांवर एखाद्या शाळेचा वर्ग टिकून राहू शकतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील सेंट मिनव्हर येथे न्यासाच्या जमिनीवर १२ कुटुंबांनी स्वतः राबून घरे बांधली आणि त्यांची किंमत बाजारभावाच्या जवळपास एक-तृतीयांशावर बांधून ठेवण्यात आली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ऑर्कस बेटावर १९८९ पासून असा न्यास कार्यरत आहे. शेजारच्या सान वान बेटावरील फ्रायडे हार्बर या छोट्या गावातील न्यासाने तर कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात पाडली जाणार असलेली जुनी पण भक्कम घरे तराफ्यांवरून समुद्रमार्गे आणून आपल्या जमिनीवर बसवली.

घर विकून न्यासाचे काम संपत नाही. हप्ते थकू लागल्यास तो वेळीच मध्ये पडतो, कर्जदात्याशी बोलतो, दुरुस्तीबाबत सल्ला देतो. घरबाजार कोसळल्यानंतर, २०१० च्या अखेरीस झालेल्या पाहणीत अमेरिकेतील न्यासांच्या घरांवरील कर्जांपैकी ०.४६ टक्के कर्जे जप्तीच्या प्रक्रियेत होती. सर्वसाधारण गृहकर्जांत हे प्रमाण ४.६३ टक्के होते.

लहान गावातील न्यासाला मात्र हेच काम जड जाते. घरे थोडी म्हणून भाड्याचे उत्पन्न थोडे, त्यामुळे पगारी कर्मचारी परवडत नाही आणि सारा भार स्वयंसेवकांवर पडतो; शिवाय भाडेपट्ट्यावरील घराला कर्ज देण्यास अनेक बँका कचरतात. यावर अनेक गावांनी मिळून एकच प्रादेशिक न्यास चालवणे हा व्यवहार्य मार्ग ठरला आहे. बर्लिंग्टनचा न्यास २००६ मध्ये एका गृहनिर्माण संस्थेशी एकत्र होऊन ‘चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट’ बनला, आणि आता तो तीन काउंट्यांतील लहान गावांचेही काम पाहतो.