जंगलात अडकलेली मुलं म्हणजे आपोआप थ्रिलर नव्हे

सहलीला गेलेली पाच-सहा किशोरवयीन मुलं वाट चुकतात, फोनला रेंज नाही, रात्र पडते. मलपृष्ठावर ठळक अक्षरांत 'श्वास रोखून धरायला लावणारा थ्रिलर'. वाचून झाल्यावर वाचक वैतागतो: यात थरार कुठे होता? आणि दोष किशोर साहित्याच्या माथी मारला जातो. हे आता पुरे झालं.

थ्रिलर काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी काहीतरी लपवतंय आणि वेळ कमी आहे. तग धरून राहण्याची गोष्ट वेगळी. गॅरी पॉलसनची 'हॅचेट' (१९८७) घ्या. तेरा वर्षांचा ब्रायन, विमान कोसळल्यावर कॅनडाच्या रानात ५४ दिवस, जवळ एक छोटी कुऱ्हाड. ती दगडावर आपटून उडालेल्या ठिणग्यांतून तो आग मिळवतो. खलनायक नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

मुलांचं वय, जंगल, भांडणं दोन्हीकडे सारखीच, ती सोडा. गफलत होते ती धोका आणि हेतू यांत. जंगल जीव घेऊ शकतं, पण त्याच्या मनात काही नसतं. समजा, काडेपेटीत चार काड्या उरल्यात. ओल्या लाकडावर दोन वाया गेल्या. तिसरी ओढण्याआधी कोरडी साल आणि बारीक काटक्या जमवायला हव्यात, हे मुलांना सुचतं का? ही तगण्याची गोष्ट. सकाळी काड्या मोजल्या तर एक कमी, आणि रात्री पहाऱ्यावर असलेली मुलगी म्हणते, "मी डोळा मिटलाच नाही." आता थ्रिलर सुरू झाला.

दोन्ही एकत्र आणता येतात, पण त्यासाठी शरीराचं भान हवं. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया झाला. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. ओले कपडे आणि वारा पुरतो. बोलणं अडखळतं, विचार भरकटतात. मग ती मुलगी अडखळतेय ती खोटं बोलतेय म्हणून, की गारठलीय म्हणून? अशा एका प्रश्नावर शंभर पानं उभी राहतील.

फसलेल्या पुस्तकांत मात्र पन्नासाव्या पानावर भूक गायब होते, मुरगळलेला पाय दुसऱ्या दिवशी धावायला लागतो आणि शेवटच्या प्रकरणात वाटाड्याच खुनी निघतो. आधी एक खूण पेरलेली नसते. याची मला मनापासून चीड येते, कारण इथे जंगलही वाया गेलं आणि रहस्यही. त्यापेक्षा खलनायक नसलेलं पुस्तक मी केव्हाही घेईन. खुनी आणायचाच असेल, तर त्यालाही तहान लागलेली दाखवा, आणि ओढ्याचं पाणी तो उकळून पितो की तसंच, तेही.