ऑर्फियस-युरिडिसीचं चित्र छापून घेताय? फ्रेमचं माप ठरवण्याआधी

लग्नानंतर लगेचच साप चावून युरिडिसी मरते. ऑर्फियस लायर (हातात धरायचं तारवाद्य) वाजवत पाताळात उतरतो आणि तिथल्या राजा-राणीचं मन वळवतो. ती परत मिळते, पण वर पोचेपर्यंत त्याने मागे वळून पाहायचं नाही, या अटीवर. तो पाहतो, आणि ती कायमची जाते. पुढे त्यालाही ठार मारून त्याचे तुकडे केले जातात. एवढीच ग्रीक कथा, पण प्रत्येक चित्रकाराने तिच्यातला वेगळा क्षण उचलला. म्हणून आधी क्षण निवडा, मग माप.

कामिय कोरोचं चित्र (१८६१, ह्यूस्टनचं कलासंग्रहालय) सर्वात जास्त मागितलं जातं. लायर पुढे धरून ऑर्फियस तिला हाताला धरून नेतो आहे. लग्नाच्या आहेरासाठी बरेच जण हेच निवडतात. जोडपं सुखी दिसतं खरं, पण ती त्याच्या हातून सुटणार आहे, हे देण्याआधी माहीत असलेलं बरं. मूळ चित्र सुमारे ११२ × १३७ सेंमी आहे. २० इंच रुंदीला उंची १६.४ इंच येते, म्हणजे १६ × २० च्या तयार फ्रेममध्ये जेमतेम अर्धा इंच जातो.

खरी अडचण रंगांची. मागे पाण्यापलीकडे झाडांखाली मृतात्म्यांचे पुसट आकार आहेत. मोबाइलवर ते दिसतात, कारण पडद्याला मागून उजेड असतो. कागदावर तेच धुक्यात बुडतात. उठाव (कॉन्ट्रास्ट) वाढवलेली फाइल तर धुकंच खाऊन टाकते. म्हणून आम्ही आधी ८ इंचांची चाचणी पट्टी काढतो. ती दिवसाच्या उजेडात पाहा, ट्यूबलाइटखाली नको. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) मॅट, बिनचमकीचा सुती घ्या; कॅनव्हासच्या विणीत हे आकार हरवतात. २० × १६ इंचांसाठी फाइल ६००० × ४८०० पिक्सेलची हवी.

निकोला पुसँचं चित्र (लूव्र, सुमारे १२४ × २०० सेंमी) आडवं आहे. ऑर्फियस उजवीकडे वादनात रंगलेला, युरिडिसी सापाला दचकलेली, आणि त्याला पत्ताच नाही. सगळा अर्थ त्या दोघांमधल्या अंतरात आहे. १६ × २० ची फ्रेम भरायची तर रुंदीचा पाचव्याहून जास्त भाग कापावा लागतो. आम्ही तसं करून देत नाही. २४ × १५ घ्या, किंवा मोठ्या फ्रेममध्ये वर-खाली रुंद माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) ठेवा.

ग्युस्ताव मोरोचं चित्र (१८६५, पॅरिसचं ऑर्से संग्रहालय) उभं आहे आणि कथेच्या शेवटचं: थ्रेसची (ग्रीसच्या उत्तरेकडच्या प्रदेशातली) मुलगी ऑर्फियसचं शिर लायरवर ठेवून नेते आहे. तळाशी उजवीकडे दोन कासवं आहेत. लायर मुळात कासवाच्या पाठीची, म्हणून ती कापू नका. १२ इंच रुंदीला उंची साडेअठरा लागते.

फ्रेम करताना चित्र पूर्ण पाठीला चिकटवू नका. पावसाळ्यात कागद फुगतो आणि जागा नसली की लाटा येतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या (दुमडलेल्या छोट्या पट्ट्या) पुरतात. माउंट आम्लमुक्तच हवा, साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात. काच कागदाला टेकली तर दमट हवेत चिकटते; माउंटच्या जाडीने ती दूर राहते. भिंत बाहेरच्या बाजूची असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावून देतो. ते काढू नका, मागून हवा खेळली नाही तर बुरशी आधी माउंटवर धरते.