रुळांखाली दडलेला खर्च

अमेरिकेच्या मेरिलंड राज्यातली पर्पल लाइन ही लाइट रेल मार्च 2022 मध्ये धावायला हवी होती. लांबी साधारण 26 किलोमीटर, स्थानकं 21. वॉशिंग्टनची मेट्रो शहराच्या मध्यातून झाडाच्या फांद्यांसारखी बाहेर पसरते, त्यामुळे एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात जायलाही आधी शहरात जाऊन परत बाहेर यावं लागतं. पर्पल लाइन या फांद्या आडव्या जोडणार आहे. वाटेत समुद्र नाही, उंच डोंगर नाही, बहुतेक मार्ग जमिनीवरूनच जातो. तरीही नंतर जाहीर झालेली तारीख 2027 च्या हिवाळ्याची आहे आणि 36 वर्षांच्या पूर्ण कराराची किंमत 5.6 अब्ज डॉलरवरून 9.3 अब्ज डॉलरवर गेली.

'लाइट रेल' या नावामुळे काम हलकंफुलकं असेल असं वाटतं. पण गाडी साधारण 40 टनांची असते. 'लाइट' म्हणजे प्रवासीक्षमता बेताची, बांधकाम मेट्रोपेक्षा साधं, आणि गरज पडल्यास रस्त्यावरून धावण्याची सोय. नेमकी ही रस्त्याची सोयच महागात पडते, कारण रस्त्याच्या पोटात पाण्याचे, गॅसचे, सांडपाण्याचे पाइप आणि विजेच्या केबल आधीच वस्तीला असतात.

हे पाइप आणि केबल तिथून हलवावे का लागतात? एक कारण सरळ आहे. रुळांखालच्या काँक्रीटच्या थराखाली पाइप फुटला, तर दुरुस्तीसाठी गाडीच बंद ठेवावी लागेल. दुसरं कारण विजेचं. गाडीला वरच्या तारेतून बहुधा 750 व्होल्टचा एकदिश विद्युतप्रवाह मिळतो आणि तो रुळांतून उपकेंद्राकडे परततो. त्यातला थोडा प्रवाह मातीत झिरपतो. जवळ लोखंडी पाइप असला तर मातीपेक्षा सोपी वाट म्हणून त्यात शिरतो, आणि जिथे पाइप सोडून पुन्हा मातीत उतरतो तिथे लोखंडाचे कण सोबत घेऊन जातो. एक अँपिअरचा प्रवाह वर्षभर असा बाहेर पडत राहिला, तर सुमारे 9 किलो लोखंड विरघळतं. पाइपला भोक पडायला याच्या कितीतरी कमी पुरतं. म्हणून रूळ रबराच्या वेष्टनात बसवतात आणि पाइप बाजूला नेतात.

पण पाइप नेमके कुठे आहेत? जुन्या नकाशांवर कित्येकदा खोलीची नोंदच नसते. काही वाहिन्या कधीच्या बंद झालेल्या असतात, पण बाहेरून ते कळत नाही. जमिनीत डोकावणारं रडार मदत करतं, मात्र ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात. शेवटी चाचणीचे खड्डे खणणं हाच खात्रीचा उपाय, आणि घाई असली की नेमकी त्यालाच कात्री लागते.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत हेच घडलं. 2008 मध्ये ट्रामचं मुख्य कंत्राट दिलं तेव्हा आराखडे अर्धवट होते. किंमत पक्की आहे असं सांगितलं जात होतं, पण कराराला गृहीतकांची यादी जोडलेली होती. एकेक गृहीतक चुकलं की वाढीव रकमेची मागणी उभी राही. पाइप हलवण्याचं काम रूळ टाकण्याआधी संपायला हवं होतं. ते लांबलं आणि दोन्ही कामं एकमेकांच्या पायात आली. 54.5 कोटी पौंडांत न्यूहेवनपर्यंत जाणारी ट्राम 77.6 कोटी खर्चून मे 2014 मध्ये अर्ध्यातच, यॉर्क प्लेसला थांबली. सिडनीत लाइट रेलच्या कामात भूमिगत वीजवाहिन्यांवरून कंत्राटदारानं सरकारला कोर्टात खेचलं. 2019 मधली तडजोड 57.6 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची होती.

यावर उपनगरांत एक मोहक उत्तर असतं: रस्ता सोडून जुन्या मालगाडीची जागा वापरायची. अमेरिकेतल्या सॅन डिएगोनं ते उत्तम साधलं. 1976 च्या चक्रीवादळात मोडलेला रेल्वेमार्ग कंपनीला नकोसा झाला होता. शहराच्या परिवहन मंडळानं तो 1979 मध्ये विकत घेतला, फ्रँकफर्टमध्ये धावत असलेल्याच जातीच्या गाड्या मागवल्या, आणि जुलै 1981 मध्ये सुमारे 25 किलोमीटरची सेवा 8.6 कोटी डॉलरमध्ये सुरू केली. नव्यानं शोधून काढण्यासारखं काहीच ठेवलं नाही. मला यातलं खरं शहाणपण तेच वाटतं.

पण अशी जागा रिकामी राहत नाही. पर्पल लाइनच्या जुन्या रेल्वेपट्ट्यावर दरम्यान पायवाट झाली, झाडी वाढली, शेजाऱ्यांना ती प्रिय झाली. विरोधक कोर्टात गेले आणि ऑगस्ट 2016 मध्ये, केंद्राच्या निधीचा करार व्हायला काही दिवस उरले असताना, न्यायाधीशांनी प्रकल्पाची मंजुरी रद्द केली. ती परत मिळेपर्यंत जवळपास वर्ष गेलं. अमेरिकेतल्याच मिनियापोलिसच्या नैऋत्य मार्गावर तर एका अरुंद पट्ट्यात मालगाडी, पायवाट आणि लाइट रेल, तिघांनाही जागा हवी होती. म्हणून लाइट रेल उथळ बोगद्यात घातली. खणताना मोठाले दगड लागले, लगतच्या इमारतीला धक्का लागू नये म्हणून जमिनीत खास भिंत उभारावी लागली. सुमारे 2 अब्ज डॉलरचा अंदाज 2.86 अब्जांवर पोहोचला.

काम थांबलं तरी खर्च थांबत नाही, हे बाहेरून दिसत नाही. अभियंत्यांचे पगार, यंत्रांचं भाडं, कर्जाचं व्याज चालूच राहतं, पोलाद महागतं. पर्पल लाइनच्या कंत्राटदारानं दिरंगाईपोटी सुमारे 80 कोटी डॉलर मागितले आणि 2020 मध्ये काम सोडलं. राज्यानं 25 कोटींवर तोड काढली, उपकंत्राटं स्वतःकडे घेतली आणि नवा कंत्राटदार शोधला. 2022 मध्ये तो रुजू झाला, तो वाढलेल्या भावानं. अर्धवट काम हाती घेणारा जोखमीचे पैसे लावणारच. मधल्या सगळ्या काळात त्या उपनगरांतले लोक फिरून फिरून बसनं जात राहिले. हा वेळ कुठल्याच हिशेबात धरला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एडिनबरोनं पुढे राहिलेला टप्पा हाती घेतला. या वेळी रस्ता भागाभागानं एकदाच उघडायचा, आधी खालचं सगळं मोकळं करायचं आणि मगच रूळ टाकायचे, असं ठरलं. वेळापत्रकात त्यासाठी दिवस राखून ठेवले होते. 20.7 कोटी पौंडांचा हा विस्तार जून 2023 मध्ये सुरू झाला आणि ट्राम न्यूहेवनला पोहोचली. पहिला टप्पा का फसला याच्या चौकशीचा अहवाल मात्र त्यानंतर, सप्टेंबरमध्ये आला.