कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमार्गे कृषी अर्थशास्त्र : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयात, प्रवेश मिळणे अवघड नाही. हायस्कूल उत्तीर्ण असलेल्या कोणालाही तो खुला असतो. कस लागतो तो दोन वर्षांनंतर विद्यापीठात जाताना, आणि त्याची तयारी पहिल्या सेमिस्टरचे विषय निवडतानाच करावी लागते. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कृषी व संसाधन अर्थशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, मात्र त्याचा पदवी अभ्यासक्रम ‘मॅनेजेरियल इकॉनॉमिक्स’ या नावाने चालतो, हे अनेकांच्या नजरेतून सुटते.

‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर आपले कॉलेज, डेव्हिस आणि हा अभ्यासक्रम निवडला की डाव्या रकान्यात विद्यापीठाचा विषय आणि उजवीकडे त्याच्या जागी ग्राह्य धरला जाणारा कॉलेजचा विषय दिसतो. सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र, कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र यांच्यासमोर कोणता विषय आहे, हे नोंदणीपूर्वीच पाहावे; उजवा रकाना रिकामा असल्यास समुपदेशकाशी बोलूनच पुढे जावे.

राज्यातील रहिवाशांनी ‘सीसीसीॲप्लाय’ या कम्युनिटी कॉलेजांच्या सामायिक अर्ज-संकेतस्थळावर अर्ज करावा. त्यांना प्रति युनिट (श्रेयांक) 46 डॉलर शुल्क पडते, म्हणजे तीन युनिटच्या विषयाला 138 डॉलर. अनिवासींना याखेरीज बरेच मोठे शिक्षणशुल्क भरावे लागते. रहिवासी ठरण्यासाठी सत्रापूर्वी एक वर्ष व एक दिवस राज्यात वास्तव्य आणि तेथेच राहण्याचा इरादा दाखवावा लागतो, त्यासाठी भाडेकरार, राज्याचे करविवरण आणि वाहन चालवण्याचा परवाना जपून ठेवावेत. एच-4 व्हिसावरील (एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या) मुलांनाही या अटींवर रहिवासी ठरता येते, ही तेथील मराठी कुटुंबांसाठी मोलाची सवलत आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य मात्र त्यांना मिळत नाही.

महाराष्ट्रातून थेट जाणाऱ्यांनी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, इंग्रजी चाचणीचे गुण आणि खर्चाची तरतूद दाखवणारी बँकेची कागदपत्रे द्यावीत. कॉलेजकडून आय-20 हे प्रवेशाचे प्रमाणपत्र हाती आल्यावर 350 डॉलर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) शुल्क भरून एफ-1 या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करता येतो. नियमित सत्रात किमान 12 युनिट घेणे त्यांना बंधनकारक आहे.

डेव्हिसमधील प्रवेशाची हमी देणारा ‘टॅग’ अर्ज 1 ते 30 सप्टेंबरदरम्यान, प्रवेशाच्या आदल्या वर्षी भरायचा असतो, आणि तो एकाच कॅम्पससाठी करता येतो. ‘टॅग’ भरला तरी विद्यापीठाचा मुख्य अर्ज त्यानंतर वेगळा करावाच लागतो. तो राहिला तर हमी लागू होत नाही.